जाड टायरांची गाडी

टायरचा विषय निघाला की माझी आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि उगाच भांडी आपटत राहायची. वडील पेपर तोंडापुढं धरायचे. मग आम्हा पोरांना कळायचं, आता इथं बसण्यात अर्थ नाही. एवढ्याशा रबरावरून घरात वर्षानुवर्षं असलं कसलं मौन, असं बाहेरच्याला वाटेल. वाटू दे. मला स्वतःला अजून त्या गोष्टीची चीड येते, आणि चीड ओसरली की रडू येतं.

वडील सरकारी खात्यात कारकून. नव्वदच्या दशकात, नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना, त्यांनी एका डॉक्टरची वापरलेली छोटी गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, पुढून थोडी पोचे पडलेली. आमच्या नात्यागोत्यात तोवर कुणाकडं गाडी नव्हती. वडील रोज सकाळी ती पुसायचे आणि पुसून झाल्यावर कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत उभे राहायचे. आई म्हणायची, "माझ्याकडं कधी असं बघिटलं न्हाय बाई ह्या माणसानं."

गाडी बरी होती, पण तिचे टायर पार गोटा झाले होते. नक्षी म्हणून उरली नव्हती. शहरातल्या शहरात चालून जायचं, लांबच्या रस्त्याला काढायची सोय नव्हती. आणि आईला तर लांबच जायचं होतं.

आईचं माहेर चंदगड तालुक्यात, पार आत. एसटी फाट्यावर सोडते. तिथून कच्चा रस्ता गावाच्या मधल्या गल्लीतून जातो, मोठ्या घरांच्या दारांवरून, आणि ओढा ओलांडला की आमची बौद्धांची वस्ती. माझे आजोबा त्या गल्लीतून जाताना पहिलं घर आलं की पायातलं चप्पल काढून हातात घ्यायचे, आणि ओढ्यापलीकडं गेल्यावर परत घालायचे. आईनं लहानपणी हे रोज बघितलेलं. पुढं ते दिवस गेले. आमच्या वेळेला तर त्याच दारांतून "या पावणं, कवा आलासा?" अशी हाकही यायची. पण आईच्या डोक्यातून ती गल्ली काही गेली नव्हती.

गाडी घरी आली त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती मला म्हणाली, "एकदाच त्या गल्लीतनं गाडीत बसून जायाचं हाय मला. मागल्या सीटवर, खिडकीला. कुणाला काय बोलायचं न्हाय, काय न्हाय. नुसतं बसून भावाच्या दारापातूर जातो आणि दारात उतरतो." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. तिचं ते 'दारात उतरतो' मला अजून ऐकू येतं.

भाऊ म्हणजे माझा मामा. आईपेक्षा बराच धाकटा. तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. तिकडं कानडी मुलूख जवळ, त्यामुळं तो तिला अक्का म्हणायचा. त्या वर्षी त्यानं भात आणि काजूच्या जिवावर सिमेंटचं घर बांधलं. घरभरणीचं आवतन द्यायला तो स्वतः कोल्हापूरला आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "अक्का, आता एसटी बंद. गाडी माझ्या दारात आली पायजे. दार मी उघडणार." नुसतं बोलून गेला नाही. गावी जाऊन त्यानं दारापुढची जागा सपाट केली आणि गाडी वळावी म्हणून तिथं मुरूम पसरला. निरोप आला तसा आईनं तो मुरूम शेजारणींना चार-चारदा सांगितला.

आता टायर घेणं आलंच. कोल्हापुरात एखाद्यानं टायर घ्यायचं मनात आणलं की सल्ला द्यायला अख्खी पेठ येते. वडिलांच्या कचेरीतले दोघे आले, उद्यमनगरातला एक मेस्त्री आला, समोरचे पेन्शनर काका तर स्वतः सायकलवरून फिरणारे, तेही आले. सगळ्यांचं एकच म्हणणं. कंपनीचे टायर फार बारीक. "पैलवानाला काटकुळं पाय दिल्यागत वाटतंय ओ. जाड टायर टाका, गाडी कशी भरल्यागत दिसंल." त्या वेळी रंकाळ्यावर संध्याकाळी तरणी पोरं असल्या गाड्या फिरवायची, टायर अंगाबाहेर आलेले. वडिलांनी तसली एक गाडी बघितलेली. ती त्यांच्या डोळ्यांत भरली.

आम्ही शाहूपुरीतल्या दुकानात गेलो. आईही आली, कारण हे टायर तिच्यासाठी होते असं ती धरून चालली होती. दुकानदारानं दोन्ही टायर समोर आणून ठेवले. टायरच्या अंगावर आकडे असतात, त्यातला पहिला रुंदीचा. एक आमच्या गाडीच्या मापाचा, दुसरा त्याहून चांगला रुंद आणि जरा उंचही. वडिलांनी मापाच्या टायरला पायानं ढकललं, तसा तो बिचारा आडवा झाला.

"ह्यो जाड बसतोय न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"बसतोय की! न बसायला काय झालंय?"

तेवढ्यात आई म्हणाली, "आमी पाच जण बसल्यावर वरचा पत्रा खाली यील. मग घासणार न्हाय का?"

दुकानात सगळे पुरुष. सगळेच हसले. दुकानदार म्हणाला, "वैनी, टायरचं आमच्यावर सोडा." वडीलही हसले. त्यांचं ते हसणं मला आवडलं नव्हतं, पण वडिलांपुढं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

चार जाड टायर बसले. दुकानदार रिवाजाप्रमाणं चाकाखाली लिंबं ठेवायला वाकला. वडिलांनी त्याला थांबवलं, "आमच्यात हे चालत न्हाय." बरोबरच होतं त्यांचं. मग ते एकटेच गाडीत बसले आणि रंकाळ्याला एक फेरी मारून आले. गाडी लोण्यागत चालली म्हणाले. आम्हाला बसवून फेरी मारावी, असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कोल्हापुरी माणसानं गाडी बघायची ती बाहेरून, चार लोकांच्यात उभी राहिल्यावर कशी दिसते ती. आणि दिसायला, खोटं कशाला सांगू, जंगी दिसत होती.

ऑक्टोबरातली घरभरणी. तिकडं पाऊस तोवर पुरता जात नाही. आम्ही पहाटे निघालो. पुढं वडील आणि मोठा भाऊ, मागं आई, मी आणि धाकटा. आई खिडकीला. तिनं जांभळं नऊवारी लुगडं नेसलेलं, त्याची घडी मोडू नये म्हणून ताठ बसलेली. पायाशी मामासाठी गुळाची अख्खी ढेप. कोल्हापूरहून जायचं आणि गूळ न्यायचा नाही, हे आमच्याकडं होत नाही.

निपाणीपर्यंत रस्ता गुळगुळीत, सगळे खुशीत. पहिल्या मोठ्या खड्ड्यात मागून खर्रर्र आवाज आला. वडील म्हणाले, "दगड उडाला असंल." गडहिंग्लजच्या पुढं तो दगड दर खड्ड्याला उडायला लागला. रबर जळल्याचा वास आला. आवाज येत होता तो आईच्याच बाजूच्या चाकातून. दर वेळी खर्र झालं की ती अंग चोरून घ्यायची, जणू तिनं श्वास आत धरला की गाडी हलकी होणार होती.

फाट्यावर गाडी वळली आणि कच्चा रस्ता लागला. बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, त्यात पाणी. दहा पावलं गेलो असू, मागून असा आवाज झाला की फाट्यावरच्या चहाच्या टपरीतले लोक उठून बघायला आले. वडिलांनी उतरून पाहिलं. टायरच्या कडेची साल निघालेली. पत्र्याची धार रबरात घुसत होती. आणखी थोडं चाललं असतं तर फुटलाच असता.

"हलकी कराय पायजे," मोठा भाऊ म्हणाला.

आम्ही तिघं उतरायला लागलो, तोवर आईनं आपलं दार उघडून पाय खाली टाकलासुद्धा. वडील म्हणाले, "तू कुठं चाललीस? पोरं उतरत्यात की. तू बस, फुडं यून बस."

टपरीवरची माणसं बघत होती. त्यांतली दोन-तीन ओळखीची, माहेरचीच. आई म्हणाली, "एकदा उतरलो. लोकांनी बघिटलंय. आता परत चढायचा तमाशा नगं."

"मग गाडी हितंच ठेवूया. समदी चालत जाऊ."

"नगं. गाडी तरी जाऊ दे दारापातूर. त्यो वाट बघत बसला असंल."

वडील खाली मान घालून चाकाकडं बघत राहिले. मग एकटे गाडीत बसले. गुळाची ढेप चिखलात कुठं ठेवायची म्हणून धाकट्यानं ती उचलून आईच्या जागेवर, सीटवर ठेवली. गूळ गाडीत आणि आई खाली.

गाडी पुढं, हळूहळू, आणि मागून आम्ही चौघं. गल्ली सुरू झाली. घोट्याएवढा चिखल. मी म्हटलं, "आई, चप्पल हातात घे, तुटंल." तिनं वळून माझ्याकडं बघितलं. "तुटू दे," ती म्हणाली. "ह्या गल्लीत चप्पल हातात घ्यायाची न्हाय मी." दोन्ही बाजूंच्या दारांत लोक उभे होते. गाडी बघत होते, आणि गाडीमागून चालणारी आई बघत होते. एका म्हातारीनं मायेनंच विचारलं, "अगं, गाडी रिकामी जातीया, आन् तू का चालतीस?" आई तशीच पुढं चालत राहिली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

ओढ्याजवळ आलो तेव्हा पलीकडचं सगळं दिसत होतं. गाडी मुरमावर जाऊन थांबली. मामा नवा पांढरा शर्ट घालून पळत आला. पुढच्या दाराकडं बघितलंही नाही. मागचं दार दोन्ही हातांनी उघडलं, वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "ये अक्का!"

आत गुळाची ढेप.

तो तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं. आई ओढ्यात पाय धुवत होती.

घरभरणी झाली, जेवणं झाली. मामानं एक अक्षर विचारलं नाही. येताना आम्ही तिघं आईबरोबर एसटीनं आलो आणि वडील एकटे गाडी घेऊन. रात्री आई एवढंच बोलली, "लिंबं ठिवायची न्हाईत त्ये कळतंय ह्यास्नी. पाच माणसं बसवून बघायचं कळत न्हाय." वडिलांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते एकटे शाहूपुरीत गेले आणि मापाचे, बारीक टायर घालून आले. कुणालाही न सांगता गुळाच्या दोन ढेपी आणि शेजारची चार माणसं गाडीत भरून खड्ड्या-खड्ड्यांतून फिरवून आले. घासलं नाही. "आता जाऊया तुझ्या भावाकडं," ते म्हणाले. आई म्हणाली, "बघू की."

ते "बघू की" काही संपलं नाही. मामाचा निरोप यायचा, मुरूम दर पावसाळ्यानंतर तो नव्यानं टाकायचा म्हणे. आई गेली माहेरी, पण एसटीनं. वडील दर वेळी किल्ली हातात घेऊन उभे राहायचे आणि ती पिशवी उचलून स्टँडला निघायची. हट्टी बाई. आणि वडील असे, की एकदा तोंडानं "चुकलं" म्हणाले असते तर ती कदाचित बसली असती. नाही म्हणाले. मला दोघांचाही राग येतो. मामाचं काय चुकलं होतं?

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका सकाळी फोन आला. मामाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेला. एसटीची वाट बघायला वेळ नव्हता. आई गाडीत जाऊन बसली, मागं, खिडकीला. पाच माणसं होतो. सगळ्या वाटेत टायरचा एवढासुद्धा आवाज आला नाही. तो फाटा गेला, ती गल्ली आली. लोक दारांत हात जोडून उभे होते. आईनं खिडकीबाहेर बघितलंच नाही.

गाडी मामाच्या दारात मुरमावर थांबली. आम्ही उतरलो. आई उतरेना. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली. आत बायकांचा आक्रोश चाललेला. वडिलांनी जन्मात कधी कुणासाठी गाडीचं दार उघडलं नव्हतं. ते वळसा घालून आले आणि त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही न्हवं ओ," ती म्हणाली, आणि उतरली.