तिला गाडी कळायची

"थांबा, बोलू नका. येतेय एक."

असं म्हणून ती हात आडवा धरायची, पोलीस धरतो तसा, आणि मान एका बाजूला कलती करायची. मग मीही गप्प. बावनदीच्या पुलाच्या अलीकडे, जिथे पूर्वी आमची चहाची टपरी होती, तिथल्या दगडावर आम्ही नवरा-बायको बसलो होतो. रविवारची दुपार कलली होती. आवाज आधी वळणामागून आला, मग मोठा झाला, आणि जमिनीला चिकटलेली एक पिवळीधमक गाडी आमच्या समोरून गोव्याच्या बाजूला निघून गेली.

"बैल," ती म्हणाली.

"असेल."

"असेल काय? बैलच. घोड्याचा आवाज चिरका येतो, ह्याचा छातीतनं येतो. इतकी वर्षं हायवेवर काढलीत, कान कुठे ठेवले होते तुमी?"

हे आमचं शेवटचं एकत्र बसणं. त्यात विशेष काही नव्हतं, म्हणून मी नीट बघितलंसुद्धा नाही. तिचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं ते विचाराल तर मला सांगता यायचं नाही. गाडी पिवळी होती एवढं आठवतं.

बायकोचं नाव मी कधी घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. आता घेऊन काय उपयोग, ओ द्यायला कोण आहे.

ती पोफळीची. तिचा बाप वीजघराच्या कॉलनीत ड्रायव्हर होता, मोठ्या साहेबाची जीप चालवायचा. त्यामुळे लहानपणापासून तिच्या डोक्यात एक बसलेलं, की माणूस ओळखायचा तो गाडीवरून. घर भाड्याचं असतं, कपडे उसने आणता येतात, पण गाडीचं नाक खोटं बोलत नाही म्हणायची. गाडीची इंग्रजी नावं तिला पटायची नाहीत. नाकावरची खूण बघायची आणि आपलं नाव द्यायची. चार बांगड्या, तारा, घोडा, बैल. आणि ज्या गाडीच्या नाकावर बघण्यासारखं काही नाही, ती 'घरगुती'.

टपरीवर तिचा कायदा होता. तारा किंवा चार बांगड्या थांबल्या की चहा कपबशीतून. घरगुती गाडीवाल्याला काचेचा ग्लास. चहा एकाच टोपातला. संगमेश्वरहून एक गुरुजी नेहमी यायचे, सज्जन माणूस, गाडी लहानशी. एकदा त्यांनी विचारलंच, "काय वो वहिनी, मला कधी कपबशी नाही ती?"

"गुरुजी, गाडी बदला. मग बघू."

गुरुजी हसले. मी लाजलो. ती ग्लास विसळत राहिली.

अशा बाईच्या नशिबी मी आलो आणि माझी आठशे आली. तिसऱ्या हाताची, पांढरी, डाव्या दाराला चेपलेली. मला वाटलं होतं, दारात गाडी आली म्हणजे ती ओवाळील. तिने ओवाळलंन, नाही असं नाही, पण ताट फिरवता फिरवता म्हणाली, "डबा आणलात." त्या दिवसापासून तो डबा. गाडी हा शब्द तिने आमच्या गाडीसाठी कधी वापरला नाही. आणि बसायची ती मागे, डाव्या अंगाला. पुढे बस म्हटलं तर म्हणायची, "पुढे कोण बसतो? साहेब मागे बसतो." डबा का असेना, बसायचं साहेबासारखं.

मग रस्ता रुंद करायला काढला, टपरी गेली, आणि त्याच सुमारास तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला आणायचं, मशीनवर घालायचं. थांबवलंत तर माणूस राहणार नाही. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. तिला नेणारा मी आणि ती गेली तर उरणारा मीच.

थोडे दिवस आली. मग एका सकाळी बसली ती उठेचना.

"मी नाय येत. माझं रगत काढतात, धुतात, परत भरतात. मी काय गोधडी हाय?"

मला समजावता येत नाही. शाळा चौथीपर्यंत, आणि तोंड पहिल्यापासून फटकळ. मी म्हटलं, "चल गो. नायतर मरशील."

"मरेन."

एवढंच बोलणं झालं. तुम्ही असता तर काय बोलला असता मला ठाऊक नाही. मी बाहेर जाऊन डबा पुसत बसलो. पुसता पुसता सुचलं. परत आत आलो आणि म्हटलं, "आज शुक्रवार. मुंबईवाले गोव्याला सुटतील. पेट्रोल पंपावरचा सांगत होता, घोडे येणारेत एका रांगेत. तू नसशील येत तर मी एकटा जाऊन बघून येतो."

 तिने फणी घेतलीन आणि वेणी घालायला लागली.

तेव्हापासून मी तिला असंच नेत गेलो. मी डायलिसिसचं नाव काढत नसे. आज रस्त्यावर काय दिसेल एवढंच बोलत असे. शुक्रवार सोपा जायचा. मंगळवार अवघड. "मंगळवारी काय बघू, वाळूचे डंपर?" म्हणायची. मग हातखंब्याच्या तिठ्यावर कोल्हापूरकडची एखादी बांगड्यांची गाडी मिळेल म्हणून मी घरातून लवकर निघायचो आणि तिथे कडेला थांबायचो. एखादी दिसली की ती मागून माझ्या खांद्यावर बोट टोचायची. नाही दिसली तर मान फिरवून बसायची आणि मला धाकधूक, पुढच्या वेळी हिला काय सांगू. माझं सगळं परगावच्या श्रीमंतांवर अवलंबून होतं. कोण मुंबईत गाडी बाहेर काढतो आणि कोण नाही, त्यावर माझी बायको दवाखान्यात जाणार की नाही ते ठरायचं.

एकदा निवळीच्या घाटात खरोखरच रांग सापडली. तांबडी, निळी, पांढरी, सगळ्या बुटक्या गाड्या. रस्त्याचं काम चाललेलं, बाजूने काढून दिलेला कच्चा रस्ता, खड्डे आणि वर आलेली खडी. त्या गाड्यांचं पोट जमिनीला लागत होतं. एकेक जण गाडी तिरकी करून, ब्रेक दाबत, बाळंतिणीसारखा जपून पुढे सरकत होता. एक जण तर खाली उतरून वाकून पोटाखाली बघत होता. माझ्या बाजूला वाट मोकळी होती. मी डबा बाहेर काढला.

"अवो, थांबा."

"काय झालं?"

"त्यांच्या पुढे घेऊ नका. बरा दिसत नाय."

"अगो, आपली वेळ झाली. ते रात्रीपर्यंत इथेच असतील. आपला डबा बघ कसा जातो."

"बैलगाडीपण जाते. म्हणून ती विमान झाली काय?"

मी त्या रांगेच्या मागे लागलो. अख्खा घाट आम्ही पायी चालल्यासारखा काढला. मला राग आलेला. मी म्हटलं, "ज्या गाडीला खड्डा चालत नाय, आंब्याची पेटी मावत नाय, म्हातारा माणूस आत शिरला तर बाहेर निघत नाय, ती कसली गाडी?"

"ती न्यायला नसते वो. बघायला असते. सगळा काय उपयोगाचाच असतो?" मग म्हणाली, "मी तरी आता कुठे उपयोगाची हाय? मला नेताच ना."

 मी गिअर बदलला, बदलायची गरज नव्हती तरी.

त्या दिवशी उशीर झाला म्हणून सिस्टर रागावली. हिचं तिकडे लक्ष नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांना सांगत होती, "आज आमच्या पुढे सगळे घोडे होते."

त्या खोलीतसुद्धा तिचा कायदा चालूच. सुया टोचलेल्या, हात बांधल्यासारखा पडलेला, आणि ही शेजारच्याला विचारणार, "तुमी कशातनं आलात?" एसटी म्हटलं की "बरं" म्हणून विषय संपला. एक ठेकेदार यायचे, त्यांची ताऱ्याची गाडी होती. त्यांच्या शेजारची खाट मिळाली की हिचं मशीन जरा बरं चालायचं असं मला वाटे. त्या ठेकेदारांनी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला कोण आणतं?"

मी दाराशी उभा होतो. ती म्हणाली, "आमचा ड्रायव्हर."

परत येताना मी विचारलं, "मी ड्रायव्हर काय गो?"

"मग गाडी कोण चालवतो?"

"आणि नवरा?"

"नवरा घरी ठेवलाय."

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मी तसाच ड्रायव्हर राहिलो. कागदावर सही तिची ती करायची, मला कोणी काही विचारायचं नाही. सिस्टर, मावशी, सगळ्या मला ड्रायव्हर काका म्हणायच्या. मी ओ द्यायचो. आपल्याला ड्रायव्हर आहे हे मिरवायची तिला हौस होती, आणि हौस असेतोवर ती येत होती. माझा हिशोब एवढाच.

तर त्या रविवारी बैल बघून आम्ही घरी आलो. तिने पेज खाल्लीन, म्हणाली, "मंगळवारी लवकर निघू, हातखंब्याला थांबायचंय," आणि आडवी झाली. मला बरं वाटलं. आज मला काही गळ घालावी लागली नाही, ती आपणहून म्हणाली. सोमवारी सकाळी मी चहा ठेवला आणि हाक मारली. चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

पोफळीहून तिचा भाऊ आला. दुपारपर्यंत सगळं उरकलं. खांदा द्यायला माणसं पुष्कळ होती. कपबशी न मिळालेले गुरुजीपण होते.

लोक म्हणतात, माणूस गेलं की घरात भास होतात, पावलं वाजतात. माझ्या घरात काही वाजत नाही. भास होतो तो हायवेवर. कोणाशी बोलत उभा असतो आणि वळणामागून तसला मोठा आवाज येतो, की मी बोलता बोलता गप्प होतो. समोरचा बघतच राहतो. गाडी निघून जाते. मला नाव सांगता येत नाही. घोडा की बैल, मला आजही कळत नाही. मी कोणाच्या तरी बोलण्याची वाट बघत राहतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सकाळी आंघोळ केली आणि किल्ली घेतली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, सुतकात कुठे निघालात?"

"दवाखान्यात."

"आता कशाला?"

"तिची खाट अडून राहील. कोणीतरी नंबर लावून बसलेला असतो."

"फोन करा की."

"फोनवर सांगायची गोष्ट नाय ती."

हातखंब्याला थांबलो नाही. दवाखान्याच्या दारात गाडी लावली. नेहमीची मावशी खुर्ची घेऊन आली, माझ्याकडे न बघता मागचं डावं दार उघडलंन आणि धरायला हात आत घातलान. तो हात तसाच आत राहिला. मी म्हटलं, "मावशी, नाही आणली." तिने दार हळूच लावलं.

वर जाऊन सिस्टरला सांगितलं. खाट मोकळी झाली म्हणालो, कोण असेल त्याला बोलवा. बाकावर दाभोळचा एक म्हातारा आणि त्याची सून बसली होती. त्यांना आत बोलावलंन. मग सिस्टर माझ्याजवळ आली.

"ड्रायव्हर काका, तुम्ही स्वतः सांगायला आलात, बरं केलंत. घरी त्यांचे मिस्टर आहेत ना?"

"आहेत."

"बाई फार काळजी करायच्या त्यांची. म्हणायच्या, मी मशीनवर असते तेव्हा यजमान उपाशी असतात, मी घरी गेल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. त्यांना आमच्याकडून सांगा, वेळेवर जेवत जा म्हणावं."

"सांगतो," म्हटलं.

घरी आलो. मेहुणा नदीवर गेला होता. शेजारच्यांनी पाठवलेला भात झाकून ठेवलेला. मी ओटीवर उभा राहिलो आणि निरोप सांगितला, जसा दिला होता तसा, मोठ्याने. मग पाटावर बसलो आणि भात वाढून घेतला.