पोलिशमधला आग्रह

मे २००३, रविवार दुपार. हजर: शेजारचे अण्णा, त्यांचा मुलगा, पोलिश सून, पहिल्यांदाच आलेली तिची आई आणि वाढायला मी.

सहा महिने अण्णा गच्चीत कॅसेट लावून, एक बोट कवळीवर दाबून पोलिश घोकत होते. सुनेला चकित करायचं, म्हणून तिला विचारायचं नाही. काळजी एकच. "आग्रह केला नाही तर विहीणबाई उपाशी उठतील हो!" पण त्यांच्या पुस्तकात आग्रहाचं वाक्यच नव्हतं. होतं ते सगळं स्टेशन आणि छत्र्यांबद्दल.

दुसऱ्या मांड्याला विहीणबाईंनी हात आडवा धरला. अण्णा वाकले आणि अगदी आर्जवाने म्हणाले, "ग्जे येस्त द्वोझेत्स?" म्हणजे, स्टेशन कुठे आहे?

"अण्णा, नाशिक रोडला!" सून हसत सुटली.

अण्णा हटले नाहीत. तेच वाक्य त्यांनी आणखी लाडाने म्हटलं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात बाजूला घेतला. असे चार मांडे गेले.

'अण्णांना "अजून एक घ्या"चं पोलिश शोधून देणे' हे काम जानेवारीपासून माझ्या यादीत आहे. त्यावर अजून खूण केलेली नाही.