चाकणच्या विहिरीतला दगड

पुण्याहून चिंचवड येईपर्यंत सासूबाईंनी मला तीनदा विचारलं, की आपल्या घरात दगडांची एवढी काय कमी पडली म्हणून रविवारी सकाळी ते आणायला निघालो आहोत. तिसऱ्या वेळेला त्यांचा रोख आपल्या चिरंजीवांकडे होता, हे गाडीच्या खडखडाटातही मला कळलं. चिरंजीव, म्हणजे आमचे हे, आदल्या रात्रीपर्यंत माझ्याबरोबर येणार होते. सकाळी चार शिंका काढून ते पुन्हा पांघरुणात शिरले. तरण्या सुनेनं एकटीनं रानात हिंडायचं म्हणजे काय, असं म्हणत सासूबाईंनी दशम्यांचा डबा बांधला (दुधात भिजवलेल्या पिठाच्या भाकऱ्या, प्रवासात त्यांना विटाळ होत नाही म्हणतात) आणि माझ्या आधी चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

दगडांची कमी घरात नव्हती, शाळेत होती. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. त्या वर्षी शाळेला कुणीतरी काचेचं कपाट भेट दिलं आणि त्यावर दोघींनी हक्क सांगितला, मी आणि शिवणाच्या बाईंनी. त्यांना त्यात भरतकामाचे रुमाल आणि लोकरीचे ससे ठेवायचे होते. मोठ्या बाईंनी निवाडा दिला, की सोमवारी दोघींनी आपापली एक वस्तू आणावी. जी बघायला मुली गर्दी करतील, तिचं कपाट. वर मला म्हणाल्या, "मासा उमटलेला दगड आणा हो, परदेशी मासिकात असतो तसा." मी त्यांना सांगितलं की आपल्याकडचा काळा दगड हा थंड झालेला लाव्हा आहे, त्यात मासा सापडलाच तर तो तळलेला असेल. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

थट्टा बाजूला ठेवते. मला ते कपाट मनापासून हवं होतं. कित्येक वर्षं मी पृथ्वी शिकवत आले होते, ती एका चेंडूवर आणि फार तर मोसंबं कापून. पृथ्वीच्या पोटातलं काहीतरी खरंखुरं मुलींच्या हातात द्यावं, अशी माझी इच्छा होती. लोकरीच्या सशापुढे हरायची तर मुळीच नव्हती.

चिंचवडला उतरून आम्ही टांगा केला. स्टेशनपासून पिंपरीपर्यंत तेव्हा बराचसा माळच होता. त्या माळावर नव्या कारखान्यांचे पाये खणायचं काम चाललं होतं, आणि इमारतींच्या आधी पाट्या उभ्या राहिल्या होत्या. पाये खणताना चमकणारे दगड निघतात असं मी ऐकलं होतं. एका कुंपणापाशी पहारेकऱ्यानं आम्हाला अडवलं. दगड न्यायला साहेबांची परवानगी लागेल आणि साहेब रविवारी नसतात, असं त्यानं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "मग दगडांवर पहारा तरी कशाला? ते कुठे पळतायत?" त्यालाही हे पटलेलं दिसलं, पण त्यानं फाटक काही उघडलं नाही.

शेजारच्या चहाच्या टपरीवर आमचं नशीब उघडलं असं मला क्षणभर वाटलं. तिथे बसलेल्या एका गवंड्यानं खिशातून एक चपटा पांढुरका दगड काढून माझ्यापुढे धरला. दगडावर काळ्या नाजूक फांद्यांचं पान उमटलं होतं, अगदी शेपूच्या भाजीसारखं. हातातला चहा माझ्या लुगड्यावर सांडला. मग मी तो दगड धुतला, उन्हात धरला, वळवून पाहिला, आणि माझा चेहरा पडला. ते पान नव्हतं. दगडाच्या भेगेतून पाणी झिरपतं, त्यातला लोखंडाच्या जातीचा गाळ फांद्याफांद्यांनी पसरतो आणि पानासारखा दिसतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं, आणि त्या वेळी वाचलं नसतं तर बरं, असं वाटलं.

गवंड्यानं तो दगड मला तसाच देऊन टाकला. सासूबाई टांग्यात म्हणाल्या, "मोठ्या बाईंना काय कळतंय? शेपू म्हण आणि मोकळी हो." मी म्हटलं, मुली खोटं शिकतील. त्यावर त्या म्हणाल्या, "मग खरं सांगून हर." मी तो दगड रुमालात बांधून ठेवला.

भोसरीला टांगा सोडून आम्ही चाकणची एसटी पकडली. एसटीत माणसं कमी आणि पोती जास्त होती. माझ्या पायांखाली एक कोंबडी बांधून ठेवली होती, तिला माझ्या चपलेचा पट्टा आवडला. मोशीच्या पुलावरून इंद्रायणी दिसली तेव्हा सासूबाईंनी आळंदीच्या दिशेला हात जोडले आणि देव इतका जवळ असताना आपण गारगोट्या वेचायला चाललो आहोत, हे मला ऐकवलं. चाकणला उतरेपर्यंत पट्टा तुटला होता. तो मी सुतळीनं बांधला.

चाकणला उतरलं की आधी कांद्याचा वास येतो, गाव मागाहून दिसतं. स्टँडवर भागूजीबा बैलगाडी घेऊन उभे होते. माझ्या वर्गातल्या वत्सलाचे हे मामा. मामाच्या विहिरीतून काचेचे दगड निघतात, असं वत्सलानं मला वर्गात सांगितलं होतं आणि तिनंच मामांना निरोप धाडला होता. भागूजीबा वाटेत फारसं बोलले नाहीत. एवढंच कळलं, की आधी खणलेल्या दोन विहिरी कोरड्या गेल्या, ही तिसरी. आदल्या दिवशी सुरुंग लावला, दगड फुटला, पण पाणी काही अजून लागलेलं नव्हतं.

शेतात पोचलो आणि भागूजीबांनी कडब्याखाली झाकून ठेवलेला दगड माझ्यासमोर आणून ठेवला. लहान कलिंगड मधोमध कापावं तेवढा. बाहेरून काळा, खडबडीत, लाथाडून पुढे जावं असा. आतून पोकळ, आणि त्या पोकळीत पांढऱ्या चुऱ्याच्या गादीवर हिरवट, पाणीदार, चौकोनी स्फटिक दाटीनं उभे होते. ऊन पडलं की त्यांची टोकं पेटायची. जोहरी ज्याला पैलू म्हणतो, ते इथे कुणी न पाडता पडले होते.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी धुळीवर ढकललं.

"सुरुंगानं दोन फाकं झाली," भागूजीबा म्हणाले. "ह्यो घावला. दुसरा कुठं उडाला कुणास ठावं. न्या बाई, आमाला काय, दगुडच हाय."

मी कपाट जिंकलं होतं. निदान जेवणापर्यंत.

भागूजीबांच्या बायकोनं, सरूबाईंनी, बाभळीच्या सावलीत पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. सासूबाईंनी आपला दशम्यांचा डबा उघडला, पिठल्याकडे पाहिलं आणि डबा पुन्हा बंद केला. भागूजीबांनी बुक्कीनं कांदा फोडून त्यांच्यापुढे ठेवला. सासरे गेल्यापासून आमच्या घरात सासूबाईंच्या ताटाला कांदा लागला नव्हता. त्यांनी तो सगळा खाल्ला, वर बोटं चाटली, आणि मला सांगितलं की रानात खाल्लेलं घरी नेऊन सांगायचं नसतं.

तेवढ्यात विहिरीतून आरडाओरडा झाला. खाली काम करणाऱ्या गड्यांच्या पायांशी पाणी आलं होतं. बघता बघता ते घोट्याच्या वर चढलं आणि गडी अवजारं घेऊन वर पळाले. ज्या कपारीतून माझा दगड निघाला होता, त्याच कपारीतून पाणी येत होतं. भागूजीबा काठावर उभे राहून लहान पोरासारखे रडले. सरूबाई घराकडे धावल्या. मी पण सगळ्यांबरोबर काठावर वाकून पाणी बघत होते, दगडाकडे माझं लक्षच नव्हतं.

वळून पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. सरूबाई आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका हळदीकुंकू, शेंदूर, तेल, नारळ घेऊन आल्या होत्या. माझ्या दगडाची विहिरीच्या काठावर स्थापना झाली होती. आसरांचा (पाण्यातल्या देवींचा) कौल त्या दगडातून आला, यात कुणाला शंका नव्हती. बाहेरचा काळा भाग शेंदरानं माखून झाला होता आणि आतल्या स्फटिकांवर तेलाची धार चालली होती.

मी भागूजीबांकडे पाहिलं. ते बिचारे खरोखर ओशाळले. म्हणाले, "बाई, सकाळी दगुड व्हता, तवा दिला. आता द्येव झालाय. द्येव कसा द्यावा?"

यावर भूगोलाकडे उत्तर नाही. शिवाय मी पाहुणी, सवाष्ण आणि वर मास्तरीण, तेव्हा पहिलं हळदीकुंकू मीच वाहावं असा सरूबाईंचा आग्रह पडला. मी माझ्याच हातानं माझ्या कपाटासाठीच्या दगडावर चिमूटभर कुंकू वाहिलं. मग बायकांनी मला पाटावर बसवलं, माझी ओटी भरली, आणि नारळ देवापुढे फुटलेला होता म्हणून तांदळांवर गुळाचा मोठा खडा ठेवला. सगळ्या जणी इतक्या आनंदात होत्या की मला धड दुःखही करता येईना. दोन कोरड्या विहिरींनंतर लागलेलं पाणी कुठे आणि माझं कपाट कुठे, हे मला समजत होतं. तरीही वाईट वाटतच होतं.

परतीच्या बैलगाडीत मी मागे विहिरीकडेच बघत बसले होते. सासूबाईंनी मांडीवर एक गाठोडं घट्ट धरलं होतं. सरूबाईंनी कांदे दिले असावेत असं मला वाटलं. एसटीत चढताना मी ते घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात झटकला. आळंदीचं नाव त्यांनी काढलं नाही. मोशीच्या पुलावर हात जोडायचे होते तेव्हा एकाच हातानं नमस्कार केला.

घरी आलो तर हे ठणठणीत बरे होऊन पत्ते खेळत बसले होते. "मिळाला का हिरा?" त्यांनी विचारलं. मी शेपूचा दगड टेबलावर ठेवला आणि म्हटलं, देव मिळाला, पण आणता आला नाही. मग सगळी हकिगत सांगितली. उद्या कपाटात ससे बसणार, हे मी जवळजवळ रडतच सांगितलं.

सासूबाई हातपाय धुऊन आल्या, जमिनीवर बसल्या आणि गाठोड्याची गाठ सोडू लागल्या. वर दोन कांदे होते. कांद्यांखाली, डबा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला, दगडाचा दुसरा अर्धा भाग होता. तेच हिरवट स्फटिक, तशीच दाटी, आणि शेंदराचा एक ठिपका नाही.

मी दगड दिव्याकडे वळवून पाहिला. त्या कांदे बाजूला ठेवत अगदी सहज बोलल्या.

"तुम्ही सगळ्या हळदीकुंकवात होतात. मला कुठे कोण बोलावणार? गेले आपली मागे, विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगावर बसले. बसायला टोचलं म्हणून बघितलं, तर हा." मग म्हणाल्या, "भागूजीला विचारलं हो. तो म्हणाला, शेंदूर त्या फाकेला लागलाय, ही आपली दगडच हाय, न्या. सुनेला आत्ता सांगू नकोस म्हटलं त्याला. ती नाचायला लागली असती, बायकांनी बघितलं असतं आणि हाही गेला असता देवात."

ह्यांनी हसून टाळी वाजवली. मला हसू आलं नाही. तासभर माझं कौतुक चाललं होतं, ओटी भरली जात होती, आणि बरोबर आलेली बाई कुठे आहे हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. विधवा बाई अशा वेळी मागे सरकते, सगळ्यांनाच ते माहीत असतं, म्हणून कुणी बघत नाही. मला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. मी उठून त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, पुरे, आधी त्या कांद्यांची सोय लाव, नाहीतर घरभर वास सुटेल.

सोमवारी शिवणाच्या बाईंनी ससा आणला. ससा खरंच चांगला होता, त्याला मिशा पण होत्या. पण मी दगड खिडकीच्या उन्हात ठेवला आणि वर्गच्या वर्ग बाकांवरून उतरला. मोठ्या बाईंनी मासा नाही याबद्दल नाक मुरडलं, मग कुणी बघत नाहीसं पाहून एका स्फटिकाला बोट लावलं. कपाट मला मिळालं. खालचा कप्पा मी सशाला दिला. मधल्या कप्प्यात गवंड्याचा दगड ठेवला आणि त्याच्यापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हे पान नव्हे.' सध्या मुलींची सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यापुढेच होतात.

वरच्या कप्प्यातल्या दगडाची चिठ्ठी लिहिताना मात्र मी अडले. दगडाचं नाव लिहिलं, चाकण लिहिलं, आणि 'शोधणारी' यापुढे हात थांबला. घरात त्या आई, काकू, वहिनी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांना त्यांच्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. संध्याकाळी ह्यांना विचारून ते लिहिलं.

पुढच्या रविवारी सासूबाईंना शाळेत नेलं. रिकाम्या वर्गात त्या कपाटापुढे उभ्या राहिल्या. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी चिठ्ठी वाचली, 'शोधणारी: द्वारकाबाई.' मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"नावाआधी गंगाभागीरथी लिहायचं राहिलं तुझं," त्या म्हणाल्या. आमंत्रणपत्रिकेत विधवेच्या नावाआधी लिहितात, ते.

मी म्हटलं, जागा नव्हती.

चिठ्ठीवर वीतभर जागा कोरी होती. सासूबाईंनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पदराच्या टोकानं आपल्या नावासमोरची काच पुसायला लागल्या.