चार बोटं गज

लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच हे पलटणीबरोबर लढाईवर गेले आणि साताऱ्याजवळच्या त्या खेड्यात मी आणि सासरे दोघंच उरलो. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत; जे सांगायचं ते दाराकडे बघून सांगत. मीही पदर सारखा करून दारालाच उत्तर देई. घरात इतकं एकटं वाटायचं की त्या दाराचासुद्धा मला राग येई.

मामंजी मोकळे होत ते फक्त बंदुकीपाशी. पणजोबांच्या वेळची लांब नळीची बंदूक होती, जामगीची. खंडेनवमीला ती उतरवून पुसायची आणि पुजायची. मामंजींचे हात कापू लागल्यापासून ते काम माझ्याकडे आलं आणि ते दाराला शिकवू लागले. पेटती सुताची दोरी ती जामगी. नळीच्या बुडाशी भोक असतं तो कान, आणि कानात घालायची बारीक दारू ती रंजक. जामगीनंतर चकमकीची गार आली, मग तांब्याची टोपी. ह्यांनी पत्रातून कळवलं, पलटणीत काडतूस तयारच मिळतं, ठासावं लागत नाही. मामंजी दोन दिवस घुश्शात होते.

दसऱ्याला बार उडवायची घरची रीत. पण ह्यांना बोलावणं आधीच आलं. निघताना ह्यांनी नळीत दारू ओतली, गोळी सोडली, माझ्या जुन्या चोळीची चिंधी वर कोंबली आणि गजानं ठासली. ज्यानं ठासला त्यानंच बार उडवायचा. आल्यावर उडवीन, म्हणाले.

मग दर नवमीला मी नळीत गज सोडायची. रिकाम्या नळीत तो तोंडाबरोबर बसतो. बार असला तर चार बोटं वर राहतो. मी बोटं लावून बघायची आणि बार आहे म्हणून सांगायची. मामंजी दाराला म्हणायचे, "मग येतोय." आतल्या दारूचं ढेकूळ झालं असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी अख्खं वर्ष मी त्या चार बोटांवर काढायची.

तिसऱ्या वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी मामंजी बाजाराला गेले, परतले आणि न जेवताच निजले. सकाळी बंदूक माझ्यापुढे ठेवून ओसरीवर जाऊन बसले. मी गज सोडला. तो टणकन बुडाला लागला. काढून पुन्हा सोडला, तरी तोंडाबरोबरच. मग देवळीत नजर गेली. तिथं शिशाची गोळी होती आणि काळी पडलेली चोळीची चिंधी. त्या कापऱ्या हातांनी ती कशी ओढून काढली असेल, कोण जाणे.

ओसरीवर गेले. पदर घसरलेला होता, सावरला नाही. मामंजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"पलटणीतला गडी भेटला बाजारात," ते म्हणाले. "पोरी, बार उपसला म्या. आता कुणासाठी ठिवायचा?"

मी आत आले. बंदूक पुसून भिंतीला टेकवली आणि तिला कुंकू लावलं. मग करंडा नेऊन मामंजींच्या हातात दिला.