जेवण तिचं, भांडी माझी

आमच्या घरी भांडी घासायला पुरुषमाणूस होता, आणि तो म्हणजे माझे सासरे. लग्नानंतर थळला पहिल्यांदा जेवले आणि नव्या सुनेच्या उत्साहानं ताटं उचलायला वाकले, तर अण्णा सिंकपाशी बाह्या सरसावून उभे. "ठेव ती तिथंच," म्हणाले, "जेवण तिचं, भांडी माझी. तुझं काय ते नंतर ठरवू." मी पदर खोचून नुसती उभी राहिले. माझ्या वडिलांनी स्वतःचा चहाचा कप विसळल्याचं मला आठवत नव्हतं. माहेरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, लोकांत बोलू नकोस गं.

लोकांना केव्हाचंच माहीत होतं. अख्खी आळी अण्णांना 'ऑपरेटर' म्हणायची. खताच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढलेली, त्यामुळे सिंकसुद्धा त्यांनी कारखान्यासारखंच चालवलं. आधी पेले, मग ताटं-वाट्या, मग तेलकट भांडी, आणि माशाची सगळ्यात शेवटी, वेगळ्या घासणीनं. तळाला भात लागला तर खरवडायचं नाही, पाणी घालून ठेवायचं. "आधी भिजत घाल," हा त्यांचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवरचा इलाज होता. एकदा मी नवऱ्याशी कडाक्याचं भांडून स्वयंपाकघरात आदळआपट करत होते, तेव्हाही त्यांनी मान वर न करता हेच सांगितलं. मला राग आला, पण सकाळपर्यंत भांडण सुटलं होतं हे खरं.

हे सगळं सुरू झालं ते आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातांमुळे. साबणाच्या पाण्यात हात गेले की त्यांच्या बोटांना भेगा पडत आणि भेगांतून रक्त येई. डॉक्टरांनी सांगितलं, भांड्यांचं पाणी बंद. रबरी मोजे घालून पाहिले, तर आत घाम येऊन हात आणखी चिघळले. बाई लावली, पण तिचे खाडे झाले की आई गुपचूप सिंकपाशी जायच्या. शेवटी अण्णांनी बाईला निरोप दिला आणि ते काम स्वतःकडे घेतलं. कुणी दारावरून जाताना विचारी, काय ऑपरेटर, दुसरी पाळी लागली का? अण्णा आतूनच सांगत, "व्हय, आणि बदली मिळत न्हाय." या माणसाला लाज कशी ती नव्हतीच. मला तर पुढे पुढे त्यांचा अभिमानच वाटायला लागला, आणि माझ्या नवऱ्याला त्याचा चांगलाच ताप झाला.

आईंनी रांधावं आणि अण्णांनी घासावं, असं वीसेक वर्षं बिनबोभाट चाललं. आम्ही दोघं नोकरीपायी पनवेलला, शनिवार-रविवार थळला. आई तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, कोळंबीचं कालवण करायच्या, आणि जेवणं झाली की अण्णांच्या मागे खुर्ची टाकून बसायच्या. कुणाकडे काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं त्या त्यांच्या पाठीला सांगायच्या. अण्णा हूं हूं करत घासत राहायचे. नवऱ्याने दोनतीनदा भांडी धुण्याच्या मशीनचा विषय काढला, तेव्हा अण्णांनी तो उडवून लावला. म्हणाले, ते यंत्र साहेबांच्या बशांसाठी हाय, कालवणाच्या टोपासाठी न्हाय.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. स्टीलच्या वाट्या रचताना आवाज व्हायचा, त्यामुळे आईंना ते आमच्या आधी कळलं होतं. अण्णा कपबशा हळूच बाजूला ठेवू लागले, पेले दोन्ही हातांनी धरू लागले. एकदा भाताचा टोप पायावर पडून अंगठ्याचं नख काळं झालं. विचारलं तर म्हणाले, दाराला ठेचकाळलो. आम्ही मानलं, कारण न मानण्यापेक्षा ते सोपं होतं. ते आता निम्मीच भांडी घासून थकत आणि पडून राहत. उरलेली आई उरकून टाकायच्या, मोजे न घालता, त्यांचा डोळा लागलेला बघून.

एका रविवारी भाकरी थापताना पिठावर लाल ठिपका उमटला. आईंनी तेवढं पीठ चिमटीनं काढून टाकलं आणि पुन्हा थापायला लागल्या. अण्णा समोरच बसले होते. त्यांनी ते पाहिलं. उठून आईंचे हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून बघितले. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत. संध्याकाळी आम्ही निघताना दारात आले आणि मुलाला म्हणाले, "पुढच्या शनिवारी मशीन बघाय जाऊ. भांडी मी घेऊन येतो."

मला वाटलं, चेष्टेत म्हणाले. पण खरोखरच भाताचा टोप, कालवणाची कढई, कुकर, सहा ताटं, बारा वाट्या, डाव आणि उलथनं असा संसार एका पोत्यात भरून ते अलिबागच्या दुकानात शिरले. दुकानदाराला वाटलं, मोडीत द्यायला आणलाय. गैरसमज दूर झाल्यावर बिचारा चमकदार दरवाजे उघडून दाखवू लागला, तर अण्णांनी आतली जाळी बाहेर ओढून सरळ फरशीवर ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घातली.

पहिल्या मशीनची जाळी सपाट बशांच्या मापाची होती. आपल्या उभ्या काठाच्या ताटांना त्या दांड्यांत जागाच मिळेना, एक सोडून एक लावावी लागली. वाट्या आडव्या ठेवल्या तर पाणी साठून राहणार, आणि टोप ठेवला की बाकी काही मावायचं नाही. अण्णांनी मान हलवली. मग पाण्याचं विचारलं. आमच्या बोअरचं पाणी खारट, जड. बॉयलर चालवलेल्या माणसाला ते पाणी यंत्रात काय करतं हे वेगळं सांगायला नको. दुकानदार म्हणाला, आत मिठाचा कप्पा असतो, त्यानं पाणी मऊ होतं. आई लांब पंख्यांच्या रांगेत उभ्या होत्या, तिथूनच बोलल्या, मीठ घरात पोतंभर हाय. त्यावर अण्णांनी भर दुकानात त्यांना खडेमिठातली माती आणि यंत्राचं स्वच्छ मीठ यांतला फरक समजावून सांगितला. आणखी दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती.

दुसरं मशीन सगळ्यात देखणं होतं. त्याला बटणं नव्हती, काचेवर नुसतं बोट टेकवायचं. अण्णांनी टेकवलं. बोट थरथरलं आणि यंत्रानं एकदम तीन कामं निवडून टूं टूं केलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग हात मागे घेऊन म्हणाले, "ह्याला हळदीचा हात लागला की डाग बसेल." मी घाईघाईनं म्हटलं, "हो ना, निघायचा नाही." दुकानदार काही सांगायला निघाला होता, त्याच्याकडे मी असं बघितलं की तो गप्प बसला.

तिसऱ्याला ठसठशीत बटणं होती. खालच्या जाळीचे दांडे आडवे पाडता येत होते, वरची जाळी उचलून बसवता येत होती. टोप तळाला, कढई त्याला लागून, ताटं एका बाजूला, वाट्या वर तिरप्या, असं पोतं रिकामं झालं. घरी ठेवलेलं पितळेचं कल्हईचं पातेलं, लोखंडी तवा आणि परात मात्र अण्णांनी स्वतःच बाद केली. कल्हई उडते, लोखंड गंजतं आणि परात मावत नाही. पातेलं माळ्यावर टाकायचं, तवा नुसता पुसायचा, परात ओल्या फडक्यानं. सगळं ठरल्यावर त्यांनी आईंना हाक मारली. वाकून जाळी ओढ, दार लाव, बटण दाब. आई हलल्या नाहीत. मला काय करायचंय, तुम्ही आहात ना, असं म्हणून त्या दुकानाबाहेर गेल्या.

मला तेव्हा वाटत होतं की अण्णा स्वतःच्या थरथरत्या बोटांसाठी बटणं शोधताहेत. बाहेर नवरा गाडीत पोतं ठेवत होता तेव्हा मी त्यांना म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका अण्णा, तुमची जागा काही हे यंत्र घेणार नाही. ते हसले. म्हणाले, "माझ्या जागेवर न्हाय आणत गो मी. माझ्या मागं आणतोय. मी गेल्यावर ती कुणाला सांगणार न्हाय, एकटीच घासत बसेल."

मशीन आलं आणि अण्णांची शिकवणी सुरू झाली. स्टुलावर बसून ते जाळी भरत आणि मोठ्यानं सांगत, जड खाली, वाट्या तिरप्या, ताटांची तोंडं आतल्या अंगाला. सांगणं आईंसाठी असे. आई त्यांच्याकडे पाठ करून जवळ्याची सुकट निवडत बसायच्या. "एकदा दाब, माझ्यासमोर दाब," असं ते अक्षरशः विनवायचे, आणि आई उठून अबोलीच्या झाडांना पाणी घालायला जायच्या. उभ्या जन्मात त्यांचं भांडण झालेलं मी पाहिलं नव्हतं, ते या बटणावरून पाहिलं. एका शनिवारी न राहवून मी आईंना म्हटलं, एकदा दाबून दाखवा ना, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, तू तुझ्या घरी दाब. मला त्यांचा फार राग आला होता, आज कबूल करते. एवढा हट्ट कशासाठी, हे मला कळत नव्हतं.

वर्षभरानं, पौषात, अण्णांच्या छातीत दुखलं म्हणून अलिबागला दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी आई चहा आणायला खाली गेल्या होत्या. अण्णांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं. "शिकली का गो ती?"

मी खोटं बोलले. म्हटलं, "हो अण्णा. परवा आईंनी एकटीनं लावलं. टोप खाली, वाट्या तिरप्या."

"आणि ताटं?"

"तोंडं आतल्या अंगाला."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग झालं," म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

सुतकात आमच्या घरी चूल पेटत नव्हती. आळीतून डबे येत होते, पिठलं, भात, वरण. तिसऱ्या दिवशी जेवणं उरकली तेव्हा लोकांची भांडी ओट्यावर साठली होती, ती घासून परत करायची होती. मी उठले, तर आईंनी मला खाली बसवलं. पदर खोचून त्या मशीनपाशी गेल्या. खालचे दांडे आडवे पाडले, शेजारच्यांचा टोप तळाला ठेवला, ताटं लावली, वाट्या तिरप्या केल्या, साबणाची वडी घातली, दार लावलं आणि न चुकता नेमकं बटण दाबलं. कुठे थांबल्या नाहीत, कुणाला विचारलं नाही.

"आई, तुम्हाला येतं?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यातच आलं होतं." त्या स्टुलावर बसल्या. मशीनमध्ये पाणी भरू लागलं होतं. "त्यांना सांगितलं असतं तर ते निर्धास्त झाले असते गो. आणि त्यांना एकदा निर्धास्त वाटलं असतं ना, तर ते माझ्यापाशी थांबले नसते. म्हणून शिकलेच न्हाय त्यांच्यासमोर."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि रडले. त्यांना वाटलं, मी अण्णांसाठी रडतेय. दवाखान्यात मी अण्णांना काय सांगितलं, ते मी आईंना अजून सांगितलेलं नाही.