चपलांपाशी चटई

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. विडीच्या तंबाखूचा वास आला, की चर्चमधला तो नाताळ आठवतो. येईल त्याला जागा दाखवायचं काम माझ्याकडं होतं. विड्या वळणारी एक बाई पहिल्यांदाच आली नि पुढच्या बाकावर बसली. तेवढ्यात टॉवेल कारखान्याच्या मालकीणबाई दारात दिसल्या, आणि मी त्या विडीवाल्या बाईजवळ जाऊन कुजबुजलो, “मावशी, मागं चपलांपाशी चटई आहे, तिथं बसा.” “व्हय, हातांना लई वास येतोय की माज्या,” म्हणत ती हसून उठली. उपासनेनंतर प्रीतिभोजनाच्या पंगतीला तिला बोलवायला गेलो, तर चटई रिकामी. पुढच्या बाकावर मात्र मालकीणबाई बसूनही शेवटपर्यंत एका माणसाची जागा मोकळीच होती. आता मी चर्चचा कारभार पाहणारा पंच आहे. पण त्या बाईला शोधून त्या बाकावर बसवायचं माझ्याकडून अजून राहिलंय.