कोवळ्या उन्हाचा इलाज

"कोणी बसवलं हिला उन्हात?" मी ओपीडीत ओरडलोच.

ममताच्या दोन्ही गालांवर लालभडक चट्टे होते. पाय सुजलेले, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. लघवी तपासली, तर प्रोटीन भरपूर. म्हणजे आजार किडनीत शिरला होता.

ममता सालेकसाकडची, ल्युपसची माझी जुनी पेशंट. या आजारात शरीराचे राखणदारच घरच्यांवर काठी उगारतात. कधी सांध्यांवर, कधी कातडीवर, कधी किडनीवर. ऊन लागलं की ते जास्तच चवताळतात. म्हणून मी तिला ऊन टाळायला सांगितलं होतं. गोळ्या आणि सावली, एवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

"मीच बसवलं जी," तिची सासू म्हणाली. "तिचे हाडं दुखून रायले होते. गावात शिबिर आलं. रक्त पायलं, म्हणे व्हिटॅमिन डी कमी हाय, सकाळच्या उनात बसवा. मंग रोज आंगणात खाट टाकली."

सल्ला चारचौघांसाठी ठीक होता. पण ल्युपसवाल्यांचं तिथंच अडतं. ऊन टाळायचं म्हणून डी कमी होतं, आणि ते भरून काढायला उन्हात जावं तर आजार उसळतो. त्यांचं डी औषधानंच भरावं लागतं.

"अवो मावशी, आगीतून फुफाट्यात टाकलंत तिला!"

बोललो आणि जीभ चावली. म्हातारीचा चेहरा पाहवेना.

ममताला अ‍ॅडमिट केलं. सलाईनमधून स्टेरॉइड सुरू केलं. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला तिला नागपूरला पाठवावं लागणार होतं. सोबत आठवड्याला एक, अशी व्हिटॅमिन डीची पुडी लिहिली. सासूनं माझा हातच धरला.

"हे नोको, साहेब. याच्याच पायी झालं ना समदं!"

"घात उन्हानं केला, मावशी. पुडीनं नाही. हाडं अशीच राहिली तर उद्या ती जमिनीवरून उठू शकणार नाही."

"अन् किडनी?"

"आत्ता सांगता येत नाही."

ती पदर तोंडात धरून रडायला लागली.

मला मात्र एक गोष्ट छळत होती. सासू चहा आणायला गेली तेव्हा ममताला विचारलं, "तुला तर ठाऊक होतं. मग काऊन बसली उन्हात?"

ती दाराकडं बघून हळूच म्हणाली, "माहीत होतं, साहेब. चेहरा जळे. पण माय नाई मले. सासूबाई खाटेवर बसवून सोताच्या हातानं तेल लावत. असं मले कोणीच केलं नव्हतं. नोको म्हनायले तोंड उघडलं नाई."

"त्यांना सांगू?"

"सांगू नका जी. जीव देतीन त्या."

मी सांगितलं नाही.

नागपूरच्या उपचारांनी किडनी वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. आता जन्मभर जपायची. पुडी ती नेमानं घेते, हाडांचं दुखणं गेलं.

तेव्हापासून ल्युपसच्या पेशंटला मी एकटं आत घेत नाही. घरात जिची माया सगळ्यात जास्त, तिला आधी बोलावतो आणि ऊन का नको ते तिला समजावतो. पेशंटला नंतर.